रिपोर्ट नॉर्मल, मग मासे का मेले? शेवाळ वापरून कारखान्याच्या पाण्यातलं विष कसं ओळखतात

नदीच्या बातम्या साधारण एकाच साच्याच्या असतात. पाणी एका रात्रीत रंग बदलतं, फेस येतो, सकाळी काठाला मेलेले मासे लागलेले दिसतात, लोक संतापतात, आणि मग वरच्या अंगाच्या कारखान्याकडून एक कागद पुढे येतो की हे बघा आमच्या सांडपाण्याचे रिपोर्ट, सगळे आकडे मर्यादेत आहेत. वाचणाऱ्याला वाटतं दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. पण कागदही खरा आणि मासेही खरेच मेलेले, असं होऊ शकतं, कारण त्या कागदावर जे तपासलेलं असतं त्याचा विषाशी संबंध पुष्कळदा फार थोडा असतो.

विष आहे की नाही हा प्रश्न सरळ एखाद्या जिवंत गोष्टीला विचारायचा, अशी एक तपासणी आहे. त्यासाठी वापरतात शेवाळ. तेच, जे आपण घाण म्हणून खरवडून काढतो.

## सीओडी, बीओडी ही विषाची टेस्टच नाही

रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त दिसणारे आकडे म्हणजे सीओडी आणि बीओडी. दोन्ही एकच गोष्ट विचारतात, या पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल. सीओडीत ती घाण तीव्र रसायन वापरून संपवतात, बीओडीत ते काम जिवाणूंवर सोडतात आणि त्यांना साधारण ५ दिवस देतात. प्रश्न महत्त्वाचा आहे यात वाद नाही, नदीतला ऑक्सिजन संपला की मासे गुदमरतात. पण हा विषाचा प्रश्न नाही. एका भांड्यात साखर विरघळवा, सीओडी भरपूर येईल आणि विष शून्य. दुसऱ्या भांड्यात थोडंसं मोरचूद टाका, म्हणजे तांब्याचा क्षार, सीओडी जवळपास काहीच येणार नाही पण पाण्यातले बारीक जीव मरून जातील.

आणि बीओडीची आणखी एक अडचण आहे जी लोकांना सहसा कोणी सांगत नाही. ती टेस्ट जिवाणूंवर चालते, त्यामुळे पाणी इतकं विषारी असेल की बाटलीतले जिवाणूच मेले किंवा मलूल झाले तर ते ऑक्सिजन खाणारच नाहीत आणि आकडा कमी येईल, म्हणजे पाणी जास्त वाईट आणि रिपोर्ट जास्त चांगला. जाणकार लॅबला हे कळतं, कारण सॅम्पल अजून पातळ केलं की बीओडी उलट चढायला लागतो. पण त्यासाठी बघणाऱ्याला शंका यावी लागते.

मग विषारी पदार्थच एकेक करून मोजा ना, असं कोणीही म्हणेल. मोजतातच, जड धातू, सायनाइड, फिनॉल वगैरे. अडचण अशी की यंत्राला जे शोधायला सांगितलं तेवढंच ते शोधतं. गेटवरच्या वॉचमनला वीस फोटो दिले आणि यातल्या कोणाला आत सोडू नको म्हणून सांगितलं, तर एकविसावा माणूस त्याच्यासमोरून आरामात आत जाईल, त्यात वॉचमनची चूक नाही. जगभरातल्या रासायनिक पदार्थांची जी सगळ्यात मोठी नोंदवही आहे, केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिसची, तिच्यात आज २० कोटींच्या वर नोंदी आहेत. त्यातले बहुतेक कुठल्याच नदीत जाणार नाहीत हे खरं, पण जे जातात त्यांच्या मानाने नियमांच्या यादीतली नावं मूठभर आहेत.

शिवाय मिश्रण. थेंबे थेंबे तळे साचे हे विषालाही लागू आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये एकाच कुळातली १८ तणनाशकं घेतली, प्रत्येकाचं प्रमाण इतकं कमी ठेवलं की एकट्याने शेवाळावर काही फरक दिसू नये, आणि मग ती सगळी एकत्र केली. शेवाळाची वाढ चक्क मंदावली. रिपोर्टमध्ये अशा पाण्याच्या १८ ओळी असतील, प्रत्येकीपुढे "मर्यादेत" लिहिलेलं असेल, आणि तरी ते पाणी विषारी असेल.

## मग शेवाळच का

इथे शेवाळ म्हणजे दगडावरचा तो बुळबुळीत हिरवा थर नाही, तर पाण्यात सुटं तरंगणारं एकपेशीय शेवाळ. एक पेशी म्हणजेच एक पूर्ण जीव. तिला कातडी नाही, खवले नाहीत, यकृत नाही, विष आलं तर अडवायला एक पातळ भिंत आणि आतला पडदा एवढंच. आकार इतका लहान की तिच्या घनफळाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे पाण्यात जे आहे ते पटकन आत.

दुसरं म्हणजे वेळ. चांगल्या परिस्थितीत अशी पेशी साधारण १० ते १२ तासांत दुप्पट होते, म्हणजे तीन दिवसांत सहा-सात पिढ्या होतात. माशाच्या एवढ्या पिढ्या बघायच्या तर वर्षं जातील. विषाचा हळूहळू होणारा परिणाम, म्हणजे मरत नाही पण वाढतही नाही असा, शेवाळात तीन दिवसांत समोर येतो.

आणि तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नदीत सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करणाऱ्यांत शेवाळ पुढे असतं. ते खाऊन पाणपिसू (पाण्यातले पिसवेएवढे बारीक जीव) आणि कीटकांच्या अळ्या जगतात, त्यांच्यावर लहान मासे, त्यांच्यावर मोठे. शेवाळच खचलं तर वरचं सगळं उपाशी, मग त्या विषाने माशाला थेट हात लावला नाही तरी चालतं.

(शेवाळ वापरून सांडपाणी स्वच्छ करतात तो प्रकार वेगळा, तिथे शेवाळ सफाई कामगार असतं. इथे ते साक्षीदार आहे.)

## नॉर्वेच्या नदीतून आलेली चंद्रकोर

या कामात जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं शेवाळ म्हणजे राफिडोसेलिस सबकॅपिटाटा. नाव अवघड आहे आणि त्यात ते दोनदा बदललंय, जुन्या कागदांत ते सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्न्युटम म्हणून सापडतं आणि मधल्या काळात स्युडोकिर्चनेरिएला, त्यामुळे तीन रिपोर्टात तीन नावं दिसली तर गोंधळू नका, जीव तोच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर प्रत्येक पेशी चंद्रकोरीसारखी वाकलेली, लांबी साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत पाच-सात सहज बसतील.

१९५९ साली नॉर्वेतल्या नितेल्वा नदीतून ओलाव स्कुलबर्ग यांनी ते वेगळं केलं, आणि लॅबमध्ये वापरतात तो वाण तिथूनच आलेला आहे, पिढ्यानपिढ्या फ्लास्कमध्ये वाढवत ठेवलेला. त्यामुळे दोन वेगळ्या देशांतल्या लॅबचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात, साक्षीदार एकच असल्यासारखं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शेवाळाची बाटलीतली चाचणी छापली, पण तेव्हा भर होता पाण्यात खत जास्त झालंय का हे बघण्यावर. विषासाठीची पद्धत ओईसीडी या देशांच्या संघटनेने १९८० च्या दशकात ठरवून दिली, तिचा नंबर २०१, आणि २००६ मध्ये ती सुधारली.

## टेस्ट होते कशी

कारखान्याचं पाणी आणतात, गाळून त्यातला गाळ आणि जिवाणू काढतात आणि मग स्वच्छ पोषक पाण्यात मिसळून त्याच्या पायऱ्या करतात, १०० टक्क्यांच्या जवळपास, मग ५०, २५, १२.५, ६.२५ टक्के अशा. प्रत्येक पायरीचे तीन तरी फ्लास्क. आणि बाजूला कंट्रोल, म्हणजे ज्यात सांडपाण्याचा थेंबही नाही असे फ्लास्क. सगळ्यांत सारख्याच पेशी टाकतात, मिलिलिटरला साधारण ५ ते १० हजार, एवढ्या कमी की पाणी डोळ्यांना नितळच दिसतं. मग २१ ते २४ अंश तापमान, सतत प्रकाश, सतत हलवत ठेवायचं, आणि ७२ तास. रोज पेशी मोजायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली नाहीतर यंत्राने.

तीन दिवसांनी कंट्रोलचे फ्लास्क हिरवे झालेले असतात आणि विषारी पाण्याचे तसेच फिके. रांगेत ठेवले की हिरव्यापासून पांढऱ्यापर्यंत उतरत गेलेला रंग साध्या डोळ्यांनी दिसतो, आणि माझ्या मते कुठल्याही आकड्यापेक्षा ती रांग लोकांना दाखवायला हवी.

आकडा तरीही लागतो, आणि त्याचं नाव ईसी-५०. ज्या प्रमाणात शेवाळाची वाढ निम्म्यावर येते ते प्रमाण. ईसी-५० जर २५ टक्के असेल तर एक भाग सांडपाणी आणि तीन भाग स्वच्छ पाणी एवढं पातळ करूनसुद्धा वाढ अर्धी झाली. हा आकडा जितका लहान तितकं पाणी जास्त विषारी, आणि इथेच लोक हमखास उलटं वाचतात, ५ टक्के म्हणजे किती कमी असं वाटतं, प्रत्यक्षात ५ टक्केवालं पाणी ५० टक्केवाल्यापेक्षा दहापट जहाल. हा उलटेपणा टाळायला काही जण १०० ला ईसी-५० ने भागून टॉक्सिक युनिट काढतात. २५ टक्के म्हणजे ४ युनिट, ५ टक्के म्हणजे २० युनिट.

## "निम्मी वाढ" म्हणजे नक्की कशाची निम्मी

इथे थोडं थांबू, कारण एकाच टेस्टमधून दोन आकडे निघतात आणि वाद झाला की प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा उचलते.

शेवाळ चक्रवाढ व्याजाने वाढतं. समजा कंट्रोलमध्ये ७२ तासांत पेशी सहा वेळा दुप्पट झाल्या, म्हणजे एकाच्या ६४. विषारी फ्लास्कमध्ये वाढीचा वेग अर्धा झाला, म्हणजे तीन वेळाच दुप्पट, एकाच्या ८. आता बघा, वेगाच्या हिशोबात घट ५० टक्के. पण नवीन पेशी किती तयार झाल्या हे मोजलं तर ६३ च्या जागी ७, म्हणजे घट जवळजवळ ८९ टक्के. फ्लास्क तोच, पाणी तेच.

व्याजाचा दर निम्मा केल्यावर शेवटी हातात येणारी रक्कम निम्म्यापेक्षा कितीतरी कमी होते, तसंच हे. शास्त्रीय दृष्ट्या वेगाचा हिशोब जास्त भरवशाचा मानतात, कारण एकूण पेशींचा आकडा टेस्ट किती दिवस चालवली आणि प्रकाश किती होता यावर फार हलतो. पण रिपोर्ट वाचताना हा ईसी-५० वेगावरचा की एकूण उत्पादनावरचा हे विचारल्याशिवाय दोन रिपोर्टांची तुलना करू नये.

## "पण सांडपाण्यात तर शेवाळ उलट माजतं"

हा आक्षेप अगदी बरोबर आहे. नायट्रोजन, फॉस्फरस असलेलं पाणी नदीत आलं की शेवाळ फोफावतं, पाणी हिरवंगार होतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, मेल्यावर कुजताना अजून खातं आणि मासे मरतात. तो प्रदूषणाचा वेगळा प्रकार आहे, त्यात पाणी विषारी नसतं, जास्त खत पडलेलं असतं.

टेस्टमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करायला एक साधी युक्ती आहे. सगळ्या फ्लास्कमध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, पोषक द्रव्यं आधीच भरपूर घातलेली असतात. सगळ्यांचं पोट भरलेलं आहे म्हटल्यावर सांडपाण्यातल्या जास्तीच्या खताचा फारसा फायदा उरत नाही, आणि तरी एखाद्या फ्लास्कमधलं शेवाळ मागे राहिलं तर कारण भूक नाही, दुसरंच काहीतरी आहे. ही युक्ती शंभर टक्के काम करते असं मी म्हणणार नाही. खत आणि विष दोन्ही असलेल्या पाण्यात कधी कधी कमी प्रमाणाच्या पायऱ्यांवर वाढ कंट्रोलपेक्षा जास्त आणि जास्त प्रमाणावर एकदम आपटलेली दिसते, म्हणून एकाच पायरीवर टेस्ट करून भागत नाही, पूर्ण रांग लावावीच लागते.

पोषक पाण्यातही एक खाचखळगा आहे. त्यात लोह विरघळून राहावं म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते धातूंना खेकड्यासारखं नांगीत धरतं. नांगीत पकडलेलं तांबं किंवा जस्त शेवाळाला बाधत नाही, म्हणजे प्लेटिंगसारख्या धातूच्या कामाचं पाणी टेस्टमध्ये वास्तवापेक्षा सौम्य वाटू शकतं. रिपोर्टमध्ये ईडीटीए होतं की नव्हतं हे लिहिलेलं असायला हवं.

## रंगीत पाण्याचं काय

कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं पाणी गडद निळं किंवा लाल असेल तर फ्लास्कमध्ये उजेडच कमी पोचतो. शेवाळ वाढलं नाही तर ते विषाने की अंधाराने? विषाला पकडायला गेलो आणि सावलीला शिक्षा केली तर तो चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखा प्रकार होईल.

यावर उपाय असा करतात की शेवाळ स्वच्छ पाण्यात ठेवायचं आणि रंगीत पाणी वेगळ्या भांड्यात प्रकाश आणि फ्लास्क यांच्यामध्ये ठेवायचं. आता शेवाळाला सावली तीच मिळते पण रसायन स्पर्शही करत नाही. या फ्लास्कमध्ये जेवढी घट आली ती रंगाची, त्याच्यावरची घट विषाची. अर्थात खऱ्या नदीत ती सावलीही पडतेच आणि तळाच्या वनस्पतींना उजेड मिळत नाही, तेव्हा "हे तर फक्त रंगामुळे" म्हणून कोणी सुटायचं कारण नाही, फक्त आरोप बरोबर नावाने लावावा.

## माशांवर टेस्ट करतातच की

करतात, ९६ तासांची. पाणपिसूवर ४८ तासांची करतात. मग शेवाळ कशाला? कारण प्रत्येक जीव वेगळ्या विषाला बळी पडतो. डाययुरॉन, ॲट्राझिन अशी तणनाशकं प्रकाशापासून अन्न बनवायच्या यंत्रणेत नेमक्या एका जागी जाऊन अडकतात, ती यंत्रणा माशात नाहीच, त्यामुळे शेवाळाला मारणाऱ्या प्रमाणात मासा खुशाल पोहत राहील. उलट बाजूने, नसांवर काम करणारी कीटकनाशकं पाणपिसूला अगदी कणभर पुरतात आणि शेवाळाला नसाच नसल्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून शेवाळ, पाणपिसू आणि मासा असा संच वापरतात. जर्मनीत सांडपाण्याच्या तपासणीत जिवंत माशाऐवजी माशाची अंडी वापरायला लागले आहेत, ते मला योग्य वाटतं.

शेवाळ टेस्टमध्ये पास झालं म्हणजे ते पाणी प्यायला चालेल असं मात्र चुकूनही समजू नका. माणसाला होणारे आजार, रोगजंतू, वर्षानुवर्षं शरीरात साठणारे पदार्थ, यातलं शेवाळाला काही विचारलेलंच नाही.

## लॅबमधला फ्लास्क आणि वाहती नदी

शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सारखा शिजलेला असतो म्हणून. नदी आणि नाला तसे नसतात. सकाळी ११ वाजता घेतलेलं सॅम्पल रात्री २ वाजता सोडलेल्या पाण्याबद्दल काहीही सांगत नाही. त्यासाठी २४ तास थोडं थोडं पाणी गोळा करून एकत्र केलेलं सॅम्पल चांगलं, पण त्यातही मधल्या अर्ध्या तासाचा जहाल लोंढा बाकीच्या पाण्यात विरून जातो.

हा धडा ऱ्हाइन नदीने फार महाग शिकवला. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइझरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं आणि लाल रंग नदीत गेला आणि खाली लांबपर्यंत ईल मासे मरून पडले. त्यानंतर ऱ्हाइनच्या काठी नुसती रसायनं मोजण्यावर न थांबता जिवंत जीव सतत पहाऱ्याला बसवण्यावर भर वाढला, पाणपिसू, शिंपले आणि शेवाळसुद्धा.

पहाऱ्यावरच्या शेवाळाला ७२ तास देता येत नाहीत, लोंढा तोपर्यंत पुढच्या देशात पोचेल. तिथे वेगळी खूण वापरतात. शेवाळातलं हरितद्रव्य प्रकाश घेतं, त्यातला काही अन्न बनवायला वापरतं, काही उष्णता म्हणून सोडतं आणि थोडासा मंद लाल प्रकाश म्हणून परत बाहेर टाकतं. अन्न बनवायचं काम विषाने बंद पाडलं की आत घेतलेल्या ऊर्जेला वाट उरत नाही आणि तो लाल प्रकाश बदलतो. हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्येच हा प्रकार पाहिला होता. यंत्र तो प्रकाश वाचतं आणि काही मिनिटांत इशारा देतं. मर्यादा अशी की थेट प्रकाशाच्या यंत्रणेवर मारा करणारं विष ते पटकन पकडतं, हळूहळू वाढ रोखणाऱ्या विषासाठी पुन्हा ७२ तासांच्या फ्लास्ककडेच यावं लागतं.

## विष आहे हे कळलं, पण कुठलं?

शेवाळ नाव सांगत नाही, फक्त दुखतंय एवढं सांगतं. डॉक्टर जसं एकेक औषध देऊन बघतो तसं पुढचं काम चालतं. त्याच सॅम्पलचे भाग करायचे. एकात ईडीटीए घालायचं, विषारीपणा गेला तर संशय धातूंवर. दुसऱ्यात हवा सोडायची, गेला तर उडून जाणारा पदार्थ. तिसरं तेलकट पदार्थ धरून ठेवणाऱ्या गाळणीतून काढायचं, गेला तर कीटकनाशक, तणनाशक, सॉल्व्हंट असं काहीतरी सेंद्रिय. चौथ्यात पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा, बदलून बघायचा, त्यातून अमोनिया सापडू शकतो. आता वॉचमनला बरोबर कोणाचा फोटो द्यायचा ते कळतं, आणि महागडं रासायनिक यंत्र नेमक्या जागी लावता येतं.

## असा रिपोर्ट हातात आला तर

आधी कंट्रोल बघा. ओईसीडीच्या नियमाने कंट्रोलमधलं शेवाळ ७२ तासांत कमीत कमी १६ पट वाढलेलं असलंच पाहिजे, नाहीतर शेवाळच आजारी होतं आणि टेस्ट बाद. मग ओळखीच्या विषावरची टेस्ट जोडली आहे का ते बघा, त्यासाठी बहुधा पोटॅशियम डायक्रोमेट किंवा ३,५-डायक्लोरोफिनॉल वापरतात, त्याचा ईसी-५० नेहमीच्या टप्प्यात असेल तर लॅबचं शेवाळ ना फार दणकट ना फार नाजूक.

मग ईसी-५० कशावरचा, ईडीटीए होतं का, रंगाची वेगळी तपासणी केली का, आणि सॅम्पल लॅबमध्ये यायला किती वेळ लागला, कारण उडून जाणारं विष वाटेतच उडतं. सगळ्यात शेवटी, खरं तर सगळ्यात आधी बघायला हवी अशी एक ओळ असते आणि ती बहुतेक वेळा पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते: पाणी कुठल्या पाइपाच्या तोंडाशी, कुठल्या तारखेला आणि किती वाजता घेतलं.